मंडळाच्या स्मरणिकेसाठी एआयचं चित्र छापखान्यात नेण्याआधी

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. गिरगावातल्या चाळीच्या गणेशोत्सव मंडळाची स्मरणिका आहे, ए-फोर आकार, हजार प्रती. मुखपृष्ठावर गणपती, मागे चाळ, गॅलरीभर कंदील, असं चित्र एआयकडून करून घेतलंत. मोबाईलवर ते सगळ्यांना आवडलं. छापखान्याने मात्र ‘रिझोल्यूशन नाही, आरजीबी आहे’ म्हणून, म्हणजे पिक्सेल कमी आणि रंग पडद्याचे, शाईचे नाहीत म्हणून, फाईल परत पाठवली. मग नेटवरच्या कुठल्याशा कन्व्हर्टरमधून ती ३०० डीपीआय, म्हणजे इंचाला ३०० पिक्सेल, करून दिलीत, तरी तेच उत्तर आलं. शिवाय हेच चित्र गल्लीच्या तोंडावर १० बाय ८ फुटांच्या बॅनरवरही हवं आहे.

छापखानेवाला तुम्हाला फिरवत नाहीये. लोअर परळच्या एका गाळ्यात मी पंचवीसेक वर्षं प्रीप्रेसचं, म्हणजे छपाईआधी फाईल तयार करण्याचं काम करतोय. काचेच्या टेबलाखाली ट्यूबलाईट लावून फिल्मच्या पॉझिटिव्ह जुळवण्यापासून सुरुवात झाली, आता फाईल थेट प्लेटवर जाते. गेल्या दोन-तीन गणपतींत माझ्याकडे येणारी बरीच मुखपृष्ठं एआयची असतात आणि त्यांचं दुखणं बहुतेक वेळा सारखंच असतं. चित्रकाराकडे जाताना आपण आधी माप सांगायचो, कागद कुठला ते सांगायचो, नाव कुठे येणार तेही सांगायचो. एआयकडे मात्र लोक नुसतं ‘छान गणपती काढ’ म्हणून जातात आणि मापाचा विचार छापखान्याच्या दारात करतात.

तर मापापासून सुरू करू. तुम्ही पाठवलेली फाईल १०२४ बाय १५३६ पिक्सेलची आहे. एआयकडून पुष्कळदा एवढंच मिळतं, नाहीतर १०२४ चौरस. ए-फोर म्हणजे २१० बाय २९७ मिलिमीटर. कटिंगमध्ये कडेला पांढरी रेघ राहू नये म्हणून चारी बाजूंना ३ मिमी जादा चित्र, म्हणजे ब्लीड, धरायचं, म्हणजे २१६ बाय ३०३. तुमचे १०२४ पिक्सेल २१६ मिमी रुंदीवर पसरले की इंचाला जेमतेम १२० पडतात. छापखान्याला ३०० हवेत. कन्व्हर्टरने काय केलं? पिक्सेल तेवढेच ठेवले आणि फाईलच्या माथ्यावर ७२ ऐवजी ३०० लिहिलं. डब्यावरची चिठ्ठी बदलल्याने आतलं पीठ वाढत नाही. इंचाला ३०० या हिशेबाने तुमचं चित्र ८.७ सेंटिमीटर रुंद आहे. लग्नपत्रिकेच्या कोपऱ्यात छान बसेल.

३०० हा आकडाही आभाळातून पडलेला नाही. ऑफसेटवर, म्हणजे प्लेटवरून होणाऱ्या छपाईत, चित्र ठिपक्यांच्या रांगांनी छापलं जातं. गुळगुळीत आर्ट पेपरवर इंचाला १५० किंवा १७५ रांगा असतात, वर्तमानपत्राच्या कागदावर त्याहून बऱ्याच कमी. रांगांच्या दीडपट ते दुप्पट पिक्सेल असले की काम होतं. म्हणजे १५० रांगांना २२५ ते २४० सुद्धा चालतात आणि २८० च्या फाईलवरून वाद घालणाऱ्या ऑपरेटरशी माझं कधी पटलेलं नाही. पण १२० मध्ये गणपतीच्या डोळ्याची कड फुटलेली दिसणार, ती कुठल्याही चष्म्याने लपत नाही.

आता पिक्सेल वाढवायचे. फोटोशॉपमधला साधा इमेज साईज वापरलात तर चित्र मऊ होतं. त्यापेक्षा वाढवण्यासाठीच बनवलेलं सॉफ्टवेअर घ्या. पैसे टाकायचे असतील तर टोपाझ गिगापिक्सेल, नसतील तर अपस्केल (Upscayl) नावाचं फुकट, ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहे, ते घरच्या कॉम्प्युटरवर चालतं. मी चौपट वाढवतो, म्हणजे ४०९६ बाय ६१४४, आणि मग खाली आणून २५५१ रुंदीवर ठेवतो. चौपट करताना जी खोटी धार येते ती खाली आणताना बरीच विरते. मात्र ‘क्रिएटिव्ह’ किंवा ‘एन्हान्स’ नावाच्या बटणांपासून देवाच्या चित्रात दूर राहा. ती बटणं चित्र नुसतं मोठं करत नाहीत, नसलेले तपशील मनाने घालतात. एकदा मखराच्या नक्षीत मला चक्क एक चेहरा सापडला होता.

रुंदी जमली तरी उंचीचं लक्षात घ्या. तुमच्या चित्राचं प्रमाण २ ला ३ आहे, ए-फोरचं तसं नाही. रुंदी बरोबर बसवली की उंचीत साधारण २१ मिमी जास्त होतात आणि ते कापले जातात. तुमच्या चित्रात मुकुटाचं टोक वरच्या कडेला टेकलेलं आहे. वरून कापलंत तर मुकुट जाईल, खालून कापलंत तर मोदकाचं ताट. म्हणून चित्र करून घेतानाच चारी बाजूंना मोकळी जागा मागायची आणि वरचा एक तृतीयांश भाग मंडळाच्या नावासाठी शांत ठेवायला सांगायचा. आता झालंच आहे तर फोटोशॉपच्या जनरेटिव्ह एक्सपांडने वर थोडं आकाश वाढवून घ्या. आकाशात चूक झाली तरी खपते.

हे सगळं यंत्राचं काम झालं. ज्यात वेळ घालवायचा ते पुढे आहे. फाईल १०० टक्क्यांवर उघडा आणि डाव्या वरच्या कोपऱ्यापासून, शेत नांगरावं तशी, एकेक पट्टा बघत जा. मोबाईलवर बोटभर चित्रात जे भरजरी वाटतं ते इथे वितळलेलं असतं. तुमच्या चित्रात मला पाच मिनिटांत दिसलं ते सांगतो. गणपतीला दोन्ही दात पूर्ण आहेत. एकदंत म्हणवणाऱ्या देवाला हे कसं चालेल? मागच्या उजव्या हातातला परशू आणि कमळ यांचं मधलंच काहीतरी झालंय. उंदराला शेपूट दोन ठिकाणांहून फुटली आहे. आणि चाळ! लाकडी कठडा अर्धा गिरगावातला आणि अर्धा राजस्थानच्या हवेलीतला आहे, जिना दुसऱ्या मजल्यावर पोचतच नाही, दांडीवरचे कपडे हवेत लटकलेत. केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ पासून सार्वजनिक गणपती बसतोय. त्या भागातल्या वाचकाला चाळीची गॅलरी शिकवायला जाऊ नका, तो पहिल्या नजरेत पकडेल.

मोठ्या चुका, म्हणजे हात, दात, जिना, या चित्र वाढवण्याआधी दुरुस्त करा. लहान फाईलवर सावली आणि पोत जुळवणं सोपं जातं. बारीक डाग, फाटलेल्या कडा वाढवल्यानंतर. आयुधं नीट येतच नसतील तर सरळ एखाद्या ओळखीच्या चित्रकाराला दोन हजार देऊन तेवढा भाग रंगवून घ्या. एआयला वीस वेळा विनवण्यापेक्षा ते स्वस्त पडतं आणि दर वेळी नवा गणपती समोर येत नाही.

एक माझीच गोष्ट सांगतो. दोन वर्षांपूर्वी एका मंडळाच्या मुखपृष्ठावर नाव उजवीकडे बसत नव्हतं, म्हणून मी चित्र आडवं उलटवलं. फ्लिप, एक क्लिक. तोरण छान दिसलं, जागा झाली, मी खूष. प्रूफ, म्हणजे तपासायची नमुना प्रत, घेऊन कार्यकर्ते गेले आणि अर्ध्या तासात फोन आला. मंडळातल्या एका आजोबांनी विचारलं होतं, ‘आपला बाप्पा उजव्या सोंडेचा कधी झाला?’ उजव्या सोंडेच्या गणपतीचं सोवळं कडक मानतात, ते मंडळ डाव्या सोंडेची मूर्ती बसवणारं. एआयच्या चित्रात लिहिलेलं काही नव्हतं, त्यामुळे उलटवल्याचं मला जाणवलंच नाही. तेव्हापासून देवाचं चित्र मी उलटवत नाही, आणि प्रूफ आधी ज्येष्ठांकडे पाठवा असं सांगतो.

आता रंग. पडदा स्वतः उजेड फेकतो. कागद खोलीतला उजेडच परत पाठवतो, तोही शाईतून गाळून. त्यामुळे निळाशार, पोपटी, झगझगीत केशरी हे रंग सायन, मॅजेंटा, यलो आणि ब्लॅक या चार शायांत तितके बसत नाहीत. एआयला तर असेच रंग प्रिय. रात्रीचं आकाश जांभळट निळं आणि प्रत्येक कंदिलाच्या पोटात जणू एलईडी. १८९४ मध्ये रविवर्म्यांनी मुंबईत छापखाना काढला तेव्हा देवांच्या चित्रांसाठी रंगागणिक छपाईचा वेगळा दगड तयार करावा लागे. साडीचा लाल कुठून यायचा हे माणूस ठरवत असे. आज तेच काम एका कन्व्हर्ट बटणावर सोडलं जातं आणि मग ‘प्रेसने रंग मारला’ अशी तक्रार होते.

माझी पद्धत अशी. एआयच्या फाईलमध्ये पुष्कळदा रंगाचं प्रोफाईलच, म्हणजे फाईलमधले आकडे नेमके कुठले रंग ते सांगणारी नोंदच, नसते. नसेल तर एसआरजीबी प्रोफाईल असाइन करायचं, अडोबी आरजीबी नाही. नाहीतर रंग उगाच भडकतात. मग छापखान्याला विचारायचं की तुमचं प्रोफाईल कोणतं. चकचकीत आर्ट पेपरसाठी बऱ्याच ठिकाणी फोग्रा ३९ सांगतील. ते फोटोशॉपच्या प्रूफ सेटअपमध्ये निवडून कंट्रोल-वाय दाबा, पडद्यावर कागदाचा अंदाज दिसेल. कंट्रोल-शिफ्ट-वाय दाबलंत की शाईत न बसणारे भाग राखाडी दिसतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याला धक्का बसतो, कारण अर्धं आकाश राखाडी होतं. घाबरू नका. आरजीबीमध्ये असतानाच निळा थोडा सायनकडे वळवा म्हणजे तो छापताना वांगी रंगाचा होणार नाही. कंदिलांचा केशरी उजळवण्याऐवजी त्यांच्या भोवतालचं आकाश किंचित उतरवा. शाईत चमक वाढवता येत नाही, शेजारचा भाग मंद करून ती भासवता येते. सगळं मनासारखं झाल्यावर शेवटी सीएमवायके, म्हणजे त्या चार शायांची फाईल, करा, आणि आरजीबी फाईल जपून ठेवा. बॅनरवाल्याला ती लागेल.

काही एआय चित्रांवर एकसारखी पिवळसर झाक असते, जुन्या वार्निशसारखी. तुमच्या चित्रातही आहे, धोतराकडे बघा. पांढऱ्या धोतरात यलो सायनपेक्षा बराच जास्त भरतोय. करड्या सावलीचा अंदाज घ्यायला एक आकडा लक्षात ठेवा: सायन ५० असेल तर मॅजेंटा आणि यलो ४० च्या आसपास, मग करडा करडाच दिसतो. माणसांच्या कांतीत यलो मॅजेंटापेक्षा थोडा वर आणि सायन मॅजेंटाच्या पाव ते तिसरा हिस्सा, सावळ्या कांतीत त्याहून थोडा अधिक. एआयचे चेहरे सायनशिवायचे असतात. नारिंगी, तेल लावून पुसल्यासारखे.

शाईच्या एकूण भाराबद्दल मात्र जरा थांबून सांगतो, कारण तुमचं काम ऐन श्रावणात छापलं जाणार आहे. चारही शायांच्या टक्क्यांची बेरीज आर्ट पेपरवर ३०० च्या आत ठेवा. काही वर्षांपूर्वी एका मुखपृष्ठाचं रात्रीचं आकाश मी नीट कन्व्हर्ट केलं होतं. मग गिऱ्हाईक म्हणालं अजून गडद हवं, आणि मी सीएमवायकेमध्येच कर्व्ह ओढून शाई चढवली. बेरीज ३७० वर गेली, मी पाहिलीच नाही. बाहेर चार दिवसांची झड, हवा ओली, शाई वाळेना. सकाळी गठ्ठा उघडला तर एका शीटचं आकाश वरच्या शीटच्या पाठीला चिकटलेलं. अर्धा जॉब पुन्हा छापला, माझ्या खर्चाने. आता अॅक्रोबॅटच्या आउटपुट प्रिव्ह्यूमध्ये टोटल एरिया कव्हरेज ३०० ला लावून बघितल्याशिवाय मी फाईल सोडत नाही. गडद काळा हवाच असेल तर ब्लॅक १०० खाली सायन ६०, मॅजेंटा ४०, यलो ४० पुरे, बेरीज २४०. आणि कागद मॅपलिथो, म्हणजे चकाकी नसलेला साधा, असेल तर हे सगळे आकडे खाली येतात, कारण तो शाई पितो, ठिपके फुगतात आणि आकाशातले तारे बुजतात. मुखपृष्ठ मॅपलिथोवर घेऊ नका असंच मी म्हणेन.

अक्षरांबद्दल थोडक्यात. एआयने काढलेलं एकही अक्षर ठेवू नका. तुमच्या चित्रातल्या कमानीवर ‘श्री’च्या जागी जे आहे ते कुठल्याच लिपीत नाही. पुसून टाका आणि मंडळाचं नाव इनडिझाइन किंवा इलस्ट्रेटरमध्ये टाईप करा. जोडाक्षरं तुटत असतील तर इनडिझाइनमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर चालू करावा लागतो. चित्रावर पांढरी अक्षरं काढणार असाल तर बारीक वळणाचा फॉन्ट टाळा. चार रंगांच्या मधून पांढरं कोरलं जातं, तेव्हा रजिस्ट्रेशन, म्हणजे चार रंगांची एकमेकांवरची जुळणी, केसभर हललं तरी वेलांटी कापली जाते आणि अनुस्वार भरून जातो. काळी अक्षरं नुसत्या ब्लॅक १०० मध्ये ठेवा.

छापखान्याला छपाईसाठीच्या पीडीएफपैकी पीडीएफ/एक्स-४ किंवा ते म्हणतील तर पीडीएफ/एक्स-१ए द्या, ब्लीड आणि कटमार्कसह. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवू नका. एवढी सगळी मेहनत तिथे एका क्षणात आवळली जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर ड्राइव्हची लिंक, आणि सगळ्यात उत्तम म्हणजे पेनड्राइव्ह घेऊन जा.

बॅनरची काळजी तुम्ही उगाच जास्त करताय. तो लोक रस्त्याच्या पलीकडून बघणार. १० फूट म्हणजे १२० इंच, इंचाला ४० पिक्सेल मिळाले तरी भागतं. अडचण रिझोल्यूशनची नाही, आकाराची आहे: तुमचं चित्र उभं, बॅनर आडवा. आडवं चित्र नव्याने मागितलंत तर गणपतीच दुसरा येईल आणि स्मरणिका एका देवाची, बॅनर दुसऱ्याचा असं होईल. त्यापेक्षा दुरुस्त केलेलं चित्र दोन्ही बाजूंना चाळीच्या गॅलऱ्यांनी वाढवून घ्या, बॅनरवाल्याला आरजीबीच द्या, अक्षरं मोठी ठेवा. पालिकेची परवानगी तेवढी आधी घ्या.

राहिलं प्रूफ. पडद्यावर हो म्हणू नका. डिजिटल मशीनवर १३ बाय १९ इंचांच्या शीटवर, मुखपृष्ठाला घेणार त्याच कागदावर, एक प्रत काढायला फार पैसे पडत नाहीत. तिचा रंग ऑफसेटशी तंतोतंत जुळणार नाही, पण चुका आणि अक्षरं दिसतील. रंगाचाच आग्रह असेल तर छापखान्याकडून कलर प्रूफ मागा आणि दिवसाच्या उजेडात बघा, पिवळ्या बल्बखाली नाही. मॅट लॅमिनेशन केल्यावर गडद रंग किंचित फिके वाटतात, तेही धरून चला. हजारऐवजी तीनशेच प्रती असत्या तर मी ऑफसेट सुचवलंच नसतं, सगळं काम डिजिटलवर काढा म्हटलं असतं.

छपाईच्या दिवशी कोणीतरी एक जण मशीनवर जा, पण एकच. पाच कार्यकर्ते गेले की पाच मतं होतात आणि मशीनमन कोणाचंच ऐकत नाही. पहिल्या शीट्स सेटिंगच्या असतात, त्यावर बोलू नका. रंग स्थिर झाला की प्रूफ शेजारी ठेवून आधी धोतर बघा, मग सोंडेवरची सावली, आकाश सगळ्यात शेवटी. पटलं तर त्या शीटवर सही करून द्या. आणि ओली छत्री दाराबाहेर ठेवून आत जा, कागदाच्या गठ्ठ्याजवळ नेलीत तर सहीच्या आधीच बाहेर काढतील.